जे पाहिलं ते खरं होतं, मग चुकलं कुठे?

वहीवाला
सोमवार, रात्री ११:४०

जय ख्रिस्त. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या. बरेच दिवस झोप धड लागत नाही, आणि मंडळीतल्या कुणाला विचारावं तर जो तो यात थोडाफार अडकलेला.

आमच्या बुधवारच्या प्रार्थनागटात वही माझ्याकडे असते. कुणासाठी काय मागायचं ते लिहायचं, तारीख घालायची, आणि उत्तर मिळालं की समोरच्या रकान्यात तेही नोंदवायचं. नऊ वर्षं झाली, सहावी वही चालू आहे. या कामाचा मला अभिमान आहे. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

गटात एक दादा आहेत, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून दारू सुटल्याची साक्ष दिली. लोक रडले, मीही रडलो. एरवी मी निळं पेन वापरतो, पण त्या दिवशी पाचव्या वहीत 'उत्तर'च्या रकान्यात लाल शाईने लिहिलं.

दीड महिन्यापूर्वी एका संध्याकाळी ते मला दारूच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले. हातात पिशवी. त्यांनी मला पाहिलं नाही. दुसऱ्या कुणासाठी नेत असतील असं मनाला समजावायलाही वाव उरला नाही, कारण मी रस्त्याच्या पलीकडून पाचेक मिनिटं त्यांच्या मागे चालत गेलो आणि एका उभ्या गाडीच्या आडोशाला त्यांनी बाटली उघडली तेही पाहिलं. (हो, मी मागे गेलो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी गटातल्या दोघांना सांगितलं, 'फक्त प्रार्थनेसाठी'. बुधवारी वहीत लिहिलं, 'एका बंधूच्या पतनासाठी.' नाव घातलं नाही. पण वाचून दाखवताना माझी नजर त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली असणार, कारण बाकीच्यांचीही गेली. रविवारपर्यंत सगळ्या मंडळीत झालं होतं. तेव्हापासून ते आलेले नाहीत, वहिनीही नाहीत. पाच आठवडे झाले. पाळकसाहेब म्हणाले, कुणीतरी जाऊन या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता प्रश्न. 'कोणाचे दोष काढू नका' हे मला माहीत आहे. पण मी दोष काढला नाही हो, तो तिथे होताच. खोटं अक्षर बोललो नाही. मग न्याय करू नका म्हणजे डोळे मिटून चालायचं का? आणि दुसरी गोष्ट लिहायलाही लाज वाटते. ते येत नाहीत याचं मला आतून बरं वाटतंय. प्रेम करा म्हणतात ते अशा वेळी आणायचं कुठून? वचनं पाठ आहेत, ती नकोत. त्या वचनांशी कुणी झटापट केली असेल तर ती सांगा.

निवृत्त_पाळक
मंगळवार, सकाळी ६:१५

भाऊ, एका बोटाने टाइप करतो, तेव्हा सावकाश वाचा. वचनं नकोत म्हणता, पण एकापासून तुमची सुटका नाही.

कुसळ-मुसळाचा दाखला आपण अर्धाच सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे मुसळ नाही, घराच्या छपराची तुळई आहे. मराठीत मुसळ आलं आणि कुसळाशी असं छान जुळलं की आपण ते म्हणीसारखं म्हणतो आणि पुढे जातो. पण मत्तय ७ चं पाचवं वचन बघा. कुसळ राहू दे, असं येशू म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं म्हणतो. कुसळ निघायलाच हवं आहे.

तुम्ही कधी कुणाच्या डोळ्यातलं कुसळ काढलंय? मी माझ्या मुलीच्या काढलंय. डोकं मांडीवर घ्यावं लागतं, तोंड उजेडाकडे करावं लागतं, आपला श्वास तिच्या गालाला लागेल इतकं वाकावं लागतं, आणि ती 'थांबा' म्हणाली की हात मागे घ्यावा लागतो. रस्त्याच्या पलीकडून हे होत नाही. ती घरात नसताना तर होतच नाही.

म्हणून, पाहिलंत यात तुमची चूक नाही. पाहिलेलं ज्याचं होतं त्याच्याकडे न नेता दुसरीकडे नेलंत. मत्तय १८ मध्ये क्रम दिलाय: आधी तो आणि तू दोघंच, मग एक-दोन जण सोबत, आणि अगदी शेवटी मंडळी. तुम्ही तो अध्याय खालून वर वाचलात. आधी दोघं, मग गट, मग मंडळी, आणि आता शेवटी एकटे जायला निघालात. जा, पण उशीर झालाय हे मनात ठेवून जा.

गलतीकरांस पत्रात (६:१) प्रेषित पौल अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने पुन्हा नीट करायला सांगतो. तिथे जे ग्रीक क्रियापद आहे तेच मार्क १:१९ मध्ये याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते तिथे आलंय. फाटलेलं जाळं कोळी मांडीवर घेतो, भोक कुठे आहे ते चाचपतो आणि पुन्हा विणतो. ते सगळ्यांना दाखवत किनाऱ्यावर फिरत नाही.

आणखी एक सांगतो, कारण कुणीतरी येऊन तुम्हाला रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाचून दाखवेलच. तो अध्याय या प्रकरणाला लागू नाही. तिथे वाद आहे तो भाजीपालाच खाणारे आणि सगळं खाणारे, दिवस पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात. क्लौद्य कैसराने इ.स. ४९ च्या सुमारास यहुद्यांना रोममधून घालवलं, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे यहुदी जोडपं त्यामुळेच करिंथात आलं होतं. ५४ साली क्लौद्य मेला, माणसं परतू लागली, आणि मधल्या काळात त्यांच्याच मंडळ्यांत परराष्ट्रीयांची, म्हणजे यहुदी नसलेल्यांची, पद्धत रुळली होती. ५७ च्या आसपास पौलाचं पत्र गेलं ते या ताणात, असं बरेच अभ्यासक मानतात. 'दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण' हे त्या भांडणासाठी आहे. तुमच्या दादांचं दुःख हा मतभेद नाही, आणि त्याला मतभेद म्हटलं तर त्यांच्यावरच अन्याय होईल.

दुसऱ्या प्रश्नाचं. माझ्या सेवेत दोन माणसं अशी होती की ती मंडळी सोडून गेली तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. एकाकडे गेलो, दुसऱ्याकडे गेलो नाही. ज्याच्याकडे गेलो त्याचा जिना चढताना माझ्या मनात प्रेमबिम काही नव्हतं. पाय दुखत होते एवढंच आठवतंय.

शांतीदूत
मंगळवार, सकाळी ९:०२

इतकं किचकट का करता? चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात मोशे नावाचे एक मठवासी होते, आधी दरोडेखोर होते ते. एका बंधूने काही अपराध केला म्हणून सगळ्यांनी बैठक बोलावली. हे जाईनात. फारच निरोप आले तेव्हा एक गळकं भांडं भरून घेऊन निघाले, मागे थेंबांची रेघ. लोकांनी विचारलं, हे काय? म्हणाले, माझी पापं माझ्या मागे अशी सांडत चाललीत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या बंधूला सगळ्यांनी क्षमा केली. बस, विषय संपला. प्रीती पापांची रास झाकते.

त्या_घरातली
मंगळवार, दुपारी २:३०

शांतीदूत, विषय संपला नाही. तुमची गोष्ट सुंदर आहे, मला आवडते, आणि माझ्या आईला ती गप्प बसवायला वापरली गेली होती.

माझे वडील मंडळीत मोठे होते. उपासनेत वाचन करायचे, आवाज असा की लोक डोळे मिटून ऐकायचे. घरी प्यायचे आणि आईला मारायचे. मंडळीतल्या चौघा-पाच जणांना हे माहीत होतं. त्यांनी न्याय केला नाही. त्यांनी 'झाकलं'. १ पेत्र ४:८ आईला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की लहानपणी मला वाटायचं, पापांची रास म्हणजे आमचं घरच, आणि प्रीती म्हणजे त्यावर टाकलेली चादर. तेव्हा एकाने जरी उघडपणे दोष काढला असता ना, तर मी त्याला प्रेमच म्हटलं असतं. १ करिंथ ५ मध्ये पौल मंडळीच्या आतल्यांचा न्याय तुम्हीच करायचा असतो असं स्पष्ट म्हणतो. ते पानही बायबलमध्येच आहे.

पण त्याच पौलाने पुढच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात शिक्षा झालेल्या एकाबद्दल लिहिलंय की आता पुरे, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. तो तोच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्याने फरक पडत नाही. शिक्षा कुठे थांबवायची हे पौलाला कळत होतं, एवढं पुरे.

आता वहीवालेभाऊ, तुम्हाला. राग मानू नका. तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. तुम्हाला झोप येत नाही, तुमची वही, तुमची लाल शाई, तुमचा अभिमान, तुमची लाज. सगळं प्रामाणिक आहे. पण दादांच्या बायकोबद्दल दोन शब्द आहेत, 'वहिनीही नाहीत'. त्या घरात काय चाललंय? त्या सुरक्षित आहेत का? मुलं आहेत का? दोन वर्षं नवरा शुद्धीवर होता आणि आता पुन्हा पितोय, हे तुमच्या आधी त्यांना कळलं असणार. त्यांनी कुणाला सांगितलं असेल? तुमच्या गटात, जिथे अशी गोष्ट वहीत जाते, तिथे?

माणूस न्याय करतो की प्रेम, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. न्याय करणाऱ्याला कोण चुकलं हे हवं असतं. प्रेम करणारा आधी विचारतो, लागलं कुणाला?

त्यांना आधी भेटा. किंवा तुमच्या बायकोला, बहिणीला, कुणा समजूतदार बाईला त्यांच्याकडे पाठवा. आणि मारहाण होत असेल तर सौम्यता वगैरे बाजूला ठेवा, त्यांना आधी तिथून बाहेर काढा.

वहीवाला
मंगळवार, दुपारी ४:१०

ताई, खरं आहे. डोक्यात आलंच नाही. राग नाही आला, तळव्याला घाम आला. मुलं नाहीत त्यांना. बाकी माहीत नाही, आणि नऊ वर्षं एका खोलीत बसून माहीत नाही हेच विचित्र आहे.

पुराणकथा_नव्हे_इतिहास
मंगळवार, संध्याकाळी ७:४५

जरा बाजूची गोष्ट. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याच्या जेवणाच्या मेजावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या. अर्थ असा की, गैरहजर माणसाच्या आयुष्याचे लचके तोडायची ज्याला हौस आहे, त्याने समजून असावं की हे मेज त्याच्यासाठी नाही. त्याच्यासोबत जवळजवळ चाळीस वर्षं काढलेल्या पोसिदियसने हे नोंदवून ठेवलंय. एकदा पाहुणे म्हणून आलेले बिशपच असं बोलायला लागले, तेव्हा ऑगस्टिन चिडून म्हणाला, एकतर या ओळी तरी पुसा, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो.

मला आवडतं ते हे की ओळी मेजावर होत्या, भिंतीवर नाही. जेवताना हाताखाली येतील अशा. (तोच ऑगस्टिन नंतर दोनातिस्ट या फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटाविरुद्ध राजसत्तेचा दंडुका वापरायला राजी झाला, हेही विसरू नये. चार पाहुण्यांना गप्प करणं त्याला जमलं, आख्ख्या एका गटाबद्दल मात्र त्याचीच जीभ सुटली.)

आणि तुमचं टोपणनाव पाहून एक आठवलं. १ करिंथ १३:५ मध्ये प्रीती 'अपकार स्मरत नाही' असं आपण वाचतो. तिथलं ग्रीक क्रियापद हिशेबनिसांच्या वापरातलं आहे: खात्यावर मांडणं, नोंद धरणं. म्हणजे प्रीती वाईटाची वही ठेवत नाही. तुम्हाला टोमणा नाही हा. बरं, थोडासा आहे.

पुन्हा_एक
बुधवार, पहाटे ५:२०

मी तुमच्या दादांच्या जागचा आहे. म्हणून लिहितोय, एरवी मी इथे फक्त वाचतो.

सहा वर्षं नऊ महिने प्यायलो नाही. त्याआधी चौदा महिने प्यायलो नव्हतो आणि मग प्यायलो. त्या चौदाव्या महिन्याचं सांगतो. त्याआधी मीही साक्ष दिली होती. टाळ्या वाजल्या होत्या. तुम्हाला वाटतं टाळ्यांनी बळ येतं. येतं, आठवडाभर. त्यानंतर त्या टाळ्या अंगावर चढतात. लोक येऊन हात हातात घेतात, 'तुमच्यामुळे आम्हाला आशा वाटते' म्हणतात. आता या माणसाला कसं सांगू की काल रात्री मी दुकानासमोर वीस मिनिटं उभा होतो? त्याची आशा मोडेल. म्हणून सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणून एकटा पडलो, एकटा पडलो म्हणून आत गेलो. लाल शाईने लिहिलंत ना भाऊ, प्रेमानेच लिहिलंत. पण 'उत्तर' हा रकाना भरला की माणसाला पुन्हा 'विनंती'च्या रकान्यात यायची सोय उरत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीला मी तेव्हा पहिल्यांदा गेलो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली गोष्ट ती. तिथे एक म्हातारा उठला आणि म्हणाला, परवा प्यायलो, आज पहिला दिवस. कुणाची भुवई हलली नाही. शेजारच्याने आपली खुर्ची जरा त्याच्याकडे सरकवली. मी मनात म्हटलं, हे आमच्या मंडळीत का होत नाही? प्रभुभोजनाला जाताना आम्ही सगळे पापी, आणि बाहेर पडलो की मी एकटाच.

आता तुम्ही जाणार आहात म्हणून माझ्या अनुभवाचं. संध्याकाळी जा. सहा ते आठ ही वेळ सगळ्यात वाईट असते, तेव्हा कुणी समोर बसलेलं असेल तर तेवढी संध्याकाळ निघते. हातात बायबल नको. ते तुमच्यासाठी धीर असेल, दारात उभ्या माणसाला ते वॉरंटासारखं दिसतं. 'आम्हाला सगळ्यांना तुमची आठवण येते' म्हणू नका, तुम्हीच लिहिलंय की येत नाही. आम्हा लोकांना खोटं चटकन ओळखू येतं, आम्ही त्यातले तज्ज्ञ. मागे गेला होतात तेही सांगून टाका.

आणि एक अगदी व्यवहारातलं: 'आजपासून थेंब नको' अशी शपथ घ्यायला लावू नका. रोज भरपूर पिणारा एकदम थांबला तर थरथर, झटके, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टर. प्रार्थना करायचीच असेल तर दवाखान्याच्या रांगेत करा, तिथे वेळ पुष्कळ असतो.

माझ्याकडे जो मित्र आला होता त्याने काही विचारलं नाही. जाताना म्हणाला, उद्या सकाळी चालायला येतोस का, मला एकट्याला कंटाळा येतो. त्याला चालायचा कंटाळा होता हे खरंच होतं, अजून आहे.

निवृत्त_पाळक
बुधवार, सकाळी ६:४०

'पुन्हा एक' भाऊ, चाळीस वर्षं मी लोकांना साक्षीसाठी उभं केलं. पुढे तिसऱ्या महिन्यात, दहाव्या महिन्यात त्यांना कसं आहे हे विचारायची पद्धत मी कधी लावली नाही. तुमचं वाचून दोन चेहरे डोळ्यांसमोर आले. त्यातला एक जण अजून आहे.

वहीवाला
शनिवार, रात्री १०:५५

गुरुवारी गेलो. एकटा, रिकाम्या हाताने, सव्वासहाला.

दार वहिनींनी उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. 'प्रार्थना करायला आलात की बघायला?' म्हणाल्या. मी म्हटलं, माफी मागायला, आणि आधी तुमची. तेव्हा बाजूला झाल्या.

ताईंनी सांगितलं होतं तसं मी त्यांना आधी विचारलं, तेही उभ्याउभ्याच आणि फार वाईट शब्दांत: वहिनी, घरात भीती वाटते का? त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हात कधी उचलला नाही. पैसे जातात, झोप जाते. मग म्हणाल्या, 'तुम्ही वाचून दाखवलंत त्या रात्री मला तिघींचे फोन आले. एकीने विचारलं, ती बाई कोण?'

मला कळलंच नाही. कुठली बाई? म्हणाल्या, 'पतन लिहिलंत ना तुम्ही. लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. एकीला बाई वाटली, एकीला मंडळीच्या पैशांचा घोळ वाटला. दारू कुणाच्या डोक्यातच नव्हती, ती सुटली होती ना.'

म्हणजे मी ज्या दोघांना सांगितलं ते दोघं गप्प राहिले. मंडळीत पसरलं ते मी सांगितलेलं नव्हतंच, माझ्या एका शब्दातून लोकांनी बनवलेलं होतं. नाव वगळून मी माझ्या मते सावधपणा केला होता. दारू लिहायची मला लाज वाटली, म्हणून बायबली शब्द शोधला. इथे पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं की खोटं अक्षर बोललो नाही.

दादा आतल्या खोलीत होते. प्यायलेले नव्हते, पण हात कापत होते. मी मागे चाललो होतो ते सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, आणि चिडलेच, पण भलत्याच गोष्टीवर. 'पाच मिनिटं मागे होतास, आणि हाक मारली नाहीस?' एवढंच दोनदा म्हणाले. मी काय सांगणार? मान खाली घातली. नंतर कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. मला प्रेम वाटत होतं का? नाही सांगता येत. पळून जावंसं वाटत होतं, आणि गेलो नाही.

डॉक्टरांचं वहिनींनी आधीच पाहिलं होतं, एकदा जाऊन आलेत, सोमवारी पुन्हा जायचंय. मी सोबत येऊ का विचारलं. दादा म्हणाले, बघू.

निघताना त्यांनी विचारलं, 'वहीत नेमकं काय लिहिलंयस?' वही नेली नव्हती, ओळ पाठ होती, म्हणून दाखवली. मी म्हटलं, फाडून टाकतो ते पान. ते म्हणाले, 'फाडू नकोस. पतन खोड आणि दारू लिही. माझं नाव लिही. निदान लोक ज्यासाठी प्रार्थना करतील ते खरं तरी असेल.' वहिनी म्हणाल्या, नाव नको. त्यावर दोघांचं जरा वाजलं. मी गप्प उभा.

घरी येऊन वही उघडली. पतन खोडलं, वर दारू लिहिलं, निळ्या पेनाने. नावाची जागा सोडलीय. पाचवी वही काढून ती लाल ओळही पाहिली, तिला हात लावला नाही, ती दोन वर्षं खरीच होती.

नाव घालायचं की नाही, आणि बुधवारी ही ओळ गटात वाचायची की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. उद्या सहाला जातोय, तेव्हा विचारेन.